दोनशे बाय दोनशे तीस

दिवाळे गावाच्या तोंडाशी, बेलापुरात,
शटर अर्धं वर करून मी आधी मशीन चालू करते,
मग उदबत्ती.
ती अर्धी जळेपर्यंत मशीन जागं होत नाही.

फोटो : वीस ते पन्नास केबी.
सही : दहा ते वीस.
मागे पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत,
चष्म्यावर चमक नको.
भरती कुठलीही असो, माणूस एवढाच लागतो.

मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
आडवे किती टक्के, उभे किती टक्के,
दोन्ही घरांत आकडा एकच टाकायचा,
नाहीतर माणूस भाकरीसारखा पसरतो
किंवा पडवळासारखा लोंबतो.
पण चौकट मागते दोनशे बाय दोनशे तीस
आणि प्रज्योतचा चेहरा मुळात तसा नाही.
थोडा दाबावा लागतो.
तो विचारतो, ताई, मी असा दिसतो?
मी म्हणते, हॉल तिकिटावर सगळे असेच दिसतात.

पेंट जुनं आहे.
तीनच पावलं मागे जाता येतं यातून.
चौथ्या पावलाला चूक ही चूक राहत नाही,
तोच फोटो होतो.

लाडकूबाई कोळी आली ती दुपारची,
टोपली पायरीवर ठेवून, हात पदराला पुसून.
मासळीच्या ओळखपत्राला फोटो हवा होता.
मोबाइलला केबल लावली :
कडेला ती, पाच नातवंडं, एक कुत्रा,
आणि सगळ्यांच्या मागे होरी,
निळी, नुकती रंगवलेली.

"बसव ना सगल्यांना त्यान."
मावशी, फक्त तोंड चालतं.
"तोंड त सगल्यांना असतं. होरी कोनाला हाय?"

मी ठिपक्यांची चौकट ओढली.
कुत्रा गेला.
नातवंडं गेली, एकेक नाही, एकदमच.
खाडी गेली.
होरी निघेना. ती लाडकूबाईच्या कानामागूनच सुरू होत होती.
आठशे टक्के मोठं केलं
तर लाडकूबाईच उरली नाही,
नुसते तपकिरी, काळे, निळे चौकोन,
कुठला बाईचा नि कुठला फळीचा
विचारायचं कोणाला?
बादली घेतली, पांढरा ओतला.
केसांच्या कडेला एक ठिपका उघडा राहिलेला,
तेवढ्या फटीतून रंग आत घुसला
आणि अर्धं कपाळ गेलं.
"अगो बाय, भरती आली!"

मागे. तिनातलं एक.
फट बुजवली, पुन्हा ओतलं.
शेवटी डाव्या कानापाशी सहा-सात निळे ठिपके उरले.
खोडरबर न्यायला लागले तर म्हणाली,
"र्‍हऊं दे."
लांबून पाहिलं तर कुडी.

एक्केचाळीस केबी. वीस रुपये झाले.
तिने दहा दिले आणि वाटीभर जवळा.
आठवडाभर की-बोर्डला वास होता.
फॉर्म परत आला नाही.

डेस्कटॉपवर 'सराव' नावाची फाइल आहे.
तो माझा फोटो, कामाला लागले त्या दिवशीचा.
नवीन पोरं त्याच्यावरच शिकतात.
नऊ वर्षं लहान करतात, मोठा करतात,
आणि कोणीतरी सेव्ह करून जेवायला जातं.
लहान केलेलं मोठं होतं,
पण गेलेलं परत येऊन बसत नाही आत,
चौकोन तेवढे फुगतात.
डोळे म्हणजे आता दोन काळ्या लाद्या.
टिकली होती, हे मलाच सांगावं लागतं.

काल गिऱ्हाईक नव्हतं. उघडला.
कागद वाढतो फक्त उजवीकडे नि खाली,
म्हणून सगळीच्या सगळी मला निवडून
जराशी मधे सरकवली.
रेघ सगळ्यात जाड. रंग निळा.
चार रेघा ओढल्या, चौथीला हात हलला,
वरचा कोपरा जुळला नाही.
बादलीला मी हात लावला नाही.

बदल ठेवायचे का, त्याने विचारलं.
तेवढ्यात दारातून कोणीतरी,
"ताई, आधार कार्ड, पुढून-मागून, एकाच पानावर."